घरच्या बागेतील झाडांवरील दगडफुले

पावसाळ्याचे दोन महिने उलटले, की नवी मुंबईतील घरांभोवतालच्या लहानमोठ्या बागांतून एक दृश्य हमखास नजरेस पडते. उन्हाळाभर आंब्याच्या, नारळाच्या किंवा चाफ्याच्या खोडावर जे निर्जीव करडे डाग वाटत होते, ते आता हिरवट व टवटवीत दिसू लागतात. काही डाग चकतीसारखे वाटोळे असून त्यांच्या कडा पाकळ्यांप्रमाणे विभागलेल्या असतात. काही खडूच्या पातळ लेपासारखे असतात. तर काहींवर कोणी बारीक टाकाने अनोळखी लिपीत काही लिहून ठेवावे, तशा काळ्या रेघा उमटलेल्या असतात. गृहस्थ चिंतेत पडतो. झाडाला बुरशी लागली असून ती वेळीच काढली पाहिजे, असे कोणीतरी सांगते. मग तारेच्या ब्रशाने खोड घासले जाते, त्यावर मोरचूद व चुन्याचे मिश्रण फासले जाते, आणि पुढील पावसाळ्यात डाग पुन्हा दिसले म्हणजे झाडच काढून टाकण्याची भाषा सुरू होते.

हे डाग म्हणजे दगडफुले होत. शास्त्रीय परिभाषेत त्यांस शैवाक म्हणतात. ती झाडाचा रोग नव्हेत, झाडाच्या अन्नावर ती जगत नाहीत, आणि त्यांच्यामुळे झाड मरत नाही. एवढी गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडेल. परंतु तेवढ्यावर थांबून चालण्यासारखे नाही. खोडावरील दगडफुले ही सालीची, प्रकाशाची, ओलाव्याची व हवेची एक प्रकारची नोंद असते. ही नोंद काय सांगते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती काय सांगू शकत नाही, याचा विचार नवी मुंबईसारख्या नव्या शहराच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शैवाकाचे स्वरूप

दगडफूल हा शब्द महाराष्ट्रातील घरांत मुख्यतः गोड्या मसाल्याचा एक घटक म्हणून परिचित आहे. मसाल्यात पडते ते दगडफूल बहुधा पार्मोट्रेमा व तत्सम प्रजातींचे, डोंगराळ प्रदेशांतून गोळा केलेले असते. बागेतील खोडावर दिसणारी दगडफुले त्याच वर्गातील असली, तरी त्यांपैकी पुष्कळशी इतकी पातळ असतात, की ती सालीपासून सोडवून हातात घेता येत नाहीत. शैवाक ही संज्ञा शैवल व कवक या दोहोंची आठवण करून देते, आणि ते यथार्थच आहे; कारण हा एक जीव नसून किमान दोन जीवांचे सहजीवन आहे.

ही गोष्ट स्वीस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने १८६७ साली प्रथम स्पष्टपणे मांडली. शैवाकाचा देह कवकाचा असून त्यात हिरव्या शैवलाच्या पेशी बंदिस्त असतात, असे त्याचे प्रतिपादन होते. शैवाकांना स्वतंत्र वनस्पती मानून त्यांच्या वर्गीकरणात आयुष्य घालविलेल्या विद्वानांस हे मत रुचले नाही. त्या काळचा अग्रगण्य शैवाकतज्ज्ञ विल्यम नायलँडर याने त्यास अखेरपर्यंत विरोध केला. परंतु सूक्ष्मदर्शकाचा पुरावा श्वेंडेनरच्या बाजूचा होता. अशाच उदाहरणांच्या आधारे हाइनरिख अँटोन द बारी याने १८७८-७९ मध्ये सहजीवनाची व्यापक कल्पना मांडली. हा विचार अद्यापही संपलेला नाही. टोबी स्प्रिबिल व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली काही शैवाकांच्या बाह्य स्तरात किण्वासारख्या आणखी एका कवकाचे अस्तित्व दाखविले. हा तिसरा भागीदार सर्वच शैवाकांत नसतो असे पुढील तपासणीत दिसून आले असले, तरी शैवाकाचा देह हा एका लहानशा वसाहतीसारखा आहे ही कल्पना आता सर्वमान्य झाली आहे.

पाकळ्यांसारख्या शैवाकाचा उभा छेद घेऊन पाहिला असता वरच्या बाजूस कवकतंतूंचा दाट विणलेला बाह्य स्तर, त्याखाली शैवलपेशींचा हिरवा थर, त्याखाली विरळ तंतूंचा मध्यभाग आणि तळाशी पुष्कळदा पुन्हा एक दाट स्तर आढळतो. शैवल प्रकाशसंश्लेषणाने शर्करा तयार करते व तिचा बराच अंश कवकास मिळतो; कवक निवारा देते, ओलावा धरून ठेवते आणि तीव्र प्रकाशापासून संरक्षण करते. तळाशी जे मुळांसारखे तंतू दिसतात, ते केवळ सालीस चिकटून राहण्यापुरते असतात. त्यांनी अन्न शोषले जात नाही.

कोरड्या स्थितीत शैवाकाचा बाह्य स्तर अपारदर्शक असतो, म्हणून तो करडा दिसतो. पाणी मिळताच हा स्तर पारदर्शक होतो व खालचे हिरवे शैवल दिसू लागते. पावसाळ्यात डाग वाढल्याचा जो भास होतो, त्याचे कारण बहुतांशी हेच आहे. उन्हाळ्यात एखाद्या डागावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावे. मिनिटभरातच हा रंगपालट घडून येतो. ज्यांचे शैवल हिरवे असते अशी शैवाके केवळ दमट हवेतील बाष्प शोषूनही प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू करू शकतात, तर नीलहरित शैवलाच्या शैवाकांना प्रत्यक्ष पाणीच लागते. ठाण्याची खाडी व पारसिकची डोंगररांग यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या या शहराची हवा वर्षाचे बरेच महिने दमट असते. पाऊस केवळ चार महिने पडत असूनही येथील खोडांवर वर्षभर दगडफुले टिकून राहतात, याची उपपत्ती यातून लागते.

रोग, परजीवी आणि सहवासी

झाडाची बाहेरची साल मृत बुचाच्या पेशींची बनलेली असते. बहुतेक शैवाके या मृत थरावर पसरतात; गुळगुळीत सालीवरील काही पातळ जाती त्याच्या वरच्या पापुद्र्यांत शिरतात, परंतु त्याखालील जिवंत ऊतींशी त्यांचा अन्नाचा व्यवहार नसतो. या बाबतीत बांडगुळाशी तुलना उद्बोधक ठरेल. कोकणातील आंब्यावर हमखास येणारे बांडगूळ यजमान वृक्षाच्या जिवंत काष्ठात आपली शोषकांगे घुसवून पाणी व खनिजे ओढून घेते; फांदीचा बांडगुळापलीकडचा भाग त्यामुळे वाळतो. आपल्या भाषेत आयत्या अन्नावर जगणाऱ्या माणसास बांडगूळ म्हणतात, ते या वनस्पतीच्या आचरणास अनुसरूनच. दगडफुलास मात्र हे विशेषण लावणे अन्यायाचे होईल. त्याला झाडापासून हवी असते ती केवळ जागा. खनिजे त्यास पावसाचे पाणी, खोडावरून ओघळणारे पाणी व धूळ यांतून मिळतात.

असे असता दगडफुलांचा दोष मानण्याची समजूत इतकी दृढ का झाली असावी? कारण या समजुतीमागील निरीक्षण खोटे नाही; चूक आहे ती अनुमानात. खंगत चाललेल्या झाडावर दगडफुले खरोखरच अधिक दिसतात. झाडाची पाने विरळ झाली, की खोडावर व फांद्यांवर अधिक प्रकाश पडतो. खोडाची जाडी वाढण्याचा वेग मंदावला, की सालीचा पृष्ठभाग दीर्घकाळ स्थिर राहतो. या दोन्ही गोष्टी शैवाकांच्या पथ्यावर पडतात. म्हणजे झाडाचे खंगणे आधीचे आणि दगडफुलांची वाढ नंतरची. कार्य व कारण यांची येथे अदलाबदल होते, आणि त्याचा परिणाम असा होतो, की दगडफुले खरवडण्याच्या खटाटोपात खऱ्या कारणाकडे दुर्लक्ष होते.

हे खरे कारण शोधावयाचे तर नजर खोडावरून बुंध्याकडे वळविली पाहिजे. शहरातील बागेत ते अनेकदा तेथेच असते. बुंध्यालगत घातलेली फरशी किंवा ओतलेले काँक्रीट मुळांना हवा व पाणी मिळू देत नाही. नवी मुंबईतील पुष्कळ भाग पूर्वीच्या भातखाचरांवर, मिठागरांवर व भरावावर उभा असल्याने काही ठिकाणी मुळांस थोड्याच खोलीवर खारे पाणी लागण्याचा संभव असतो. आंब्याच्या खोडात भिरूड शिरलेले असेल, तर भोकातून बाहेर पडलेला भुसा बुंध्याशी दिसतो. फांदीवर गुलाबी लेप चढून ती वाळत असेल, तर तो कवकजन्य रोग होय. यांपैकी प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण सुपारीच्या कोळेरोगावर किंवा छाटणीच्या जखमेवर उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु दगडफुलांवर ते फवारल्याने केवळ दगडफुले मरतात, झाडाचे दुखणे कायम राहते. तारेच्या ब्रशाने पातळ सालीच्या झाडास इजा झाली, तर ज्या कवकांचे भय होते त्यांनाच आत शिरण्यास वाट मिळते.

या विवेचनास एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण तो मूळ नियमावर चांगला प्रकाश टाकतो. आंबा, पेरू इत्यादींच्या पानांवर तांबूस ठिपके पाडणारे सेफॅल्यूरॉस नावाचे एक शैवल आहे. ते पानाच्या उपत्वचेखाली वाढते व पानास अपाय करते. हेच शैवल जेव्हा एका विशिष्ट कवकाच्या ताब्यात जाते, तेव्हा स्ट्रिग्युला या प्रजातीचे पानावरील शैवाक निर्माण होते. येथे अपाय होतो खरा, परंतु तो शैवलाच्या मूळ स्वभावामुळे होतो. खोडावरील शैवाकांत असा प्रकार नसतो. रोगाचा निर्णय 'दगडफूल आहे' एवढ्यावरून न करता कोणता भागीदार कोणत्या ऊतीशी कसा वागतो हे पाहून केला पाहिजे, हा या उदाहरणाचा बोध होय.

या प्रश्नास एक व्यावहारिक बाजूही आहे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांत १९७५ च्या अधिनियमानुसार झाड तोडण्यास परवानगी लागते, आणि झाड रोगट वा धोकादायक असल्याचे कारण त्यासाठी पुढे केले जाते. खोडावरील दगडफुले हा अशा रोगटपणाचा पुरावा मानता येत नाही, हे सांगणे वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे. चुकीच्या निदानापायी तीस-चाळीस वर्षांचा आंबा गेला, तर त्याची भरपाई एका पिढीत होत नाही.

बागेतील निरनिराळी खोडे

प्रत्येक झाडाची साल हे शैवाकांचे वेगळे क्षेत्र असते. पेरूची साल पापुद्र्यांनी सुटून पडते, त्यामुळे हळूहळू वाढणाऱ्या शैवाकास तेथे बस्तान बसविण्यास अवधी मिळत नाही. पेरूचे खोड स्वच्छ दिसते म्हणून पेरू अधिक निरोगी ठरत नाही. चाफ्याची साल गुळगुळीत व दीर्घकाळ टिकणारी असल्याने तिच्यावर पातळ लेपासारख्या जाती चांगल्या पसरतात. आंब्याची साल वयानुसार भेगाळत जाते. भेगांत ओलावा टिकतो, कंगोऱ्यांवर प्रकाश मिळतो, आणि एकाच खोडावर दोन भिन्न समुदाय नांदू लागतात.

सर्वसामान्य अभ्यासकास प्रथम ओळखता येईल अशी जाती म्हणजे पिक्सिने कोकोएस. हिच्या जातिनामातच नारळाची आठवण आहे. मात्र ती आंब्यावर व रस्त्याकडेच्या इतर अनेक झाडांवरही वाढते आणि भारतातील सखल प्रदेशांत, शहरांच्या धुरातही, टिकून राहते. तिच्या करड्या-पांढुरक्या, खोडास घट्ट चिकटलेल्या चकत्या डिरिनारिया या प्रजातीच्या चकत्यांशी साम्य दाखवितात. परंतु दीर्घ तरंगलांबीच्या जंबुपार किरणांखाली पिक्सिने कोकोएसचा पृष्ठभाग लायकेझँथोन या द्रव्यामुळे पिवळा चमकतो, डिरिनारियाचा तसा चमकत नाही. नोटा तपासण्याचा लहानसा दिवाही या कामी पुरतो.

खोडावरील लेखनासारख्या काळ्या रेघा ग्राफिस व तिच्या आप्त प्रजातींच्या होत. ग्राफिस हे नाव ग्रीक भाषेतील लिहिण्याच्या धातूवरूनच आलेले आहे. या रेघा म्हणजे लांबट फलांगे असून त्यांच्या फटीतून बीजुके बाहेर पडतात. सालीच्या भेगांत हळदीची पूड भुरभुरल्यासारखा पिवळा थर दिसला, तर तो बहुधा क्रायसोथ्रिक्स कँडेलारिसचा असतो. याउलट पावसाळ्यात खोडांवर व भिंतींवर जो नारिंगी मखमलीसारखा थर येतो, तो शैवाक नसून ट्रेंटेपोलिया हे स्वतंत्र शैवल होय. ते हिरव्या शैवलांच्या गटात मोडते, मात्र कॅरोटीन द्रव्यांनी त्याची हिरवी छटा झाकली जाते. उष्ण प्रदेशातील ग्राफिससारख्या कितीतरी लेपरूप शैवाकांत हेच शैवल भागीदार असते. एकाच बागेत शैवल मुक्त व बंदिस्त अशा दोन्ही अवस्थांत पाहावयास मिळणे, ही कोकणपट्टीतील विद्यार्थ्यांना लाभलेली मोठी सोय आहे.

हवेची साक्ष आणि तिच्या मर्यादा

शैवाके व शहराची हवा यांचा संबंध प्रथम नायलँडरनेच दाखविला. पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानात ज्या जाती आढळतात, त्या शहराच्या इतर भागांत दिसत नाहीत, असे त्याने १८६६ साली नमूद केले. पुढे इंग्लंड व वेल्समध्ये हॉक्सवर्थ व रोझ यांनी १९७० साली झाडांवरील शैवाकांच्या आधारे हवेतील गंधक डायऑक्साइडचे प्रमाण अजमावण्याची दहा पायऱ्यांची श्रेणी प्रसिद्ध केली. शैवाकास उपत्वचेचे जलरोधक आवरण नसते व पानांसारखी मिटता येणारी रंध्रेही नसतात. त्याचा सबंध पृष्ठभाग हवेतील द्रव्ये शोषीत असतो. गंधक डायऑक्साइड त्यातील ओलाव्यात विरघळले, की शैवलाचे हरितद्रव्य नष्ट होऊ लागते. दगडी कोळशाचा वापर घटल्यानंतर लंडनमध्ये नाहीशी झालेली शैवाके परतू लागल्याची नोंद १९८१ साली प्रसिद्ध झाली.

या इतिहासावरून 'दगडफूल असेल तेथे हवा शुद्ध' असे सुटसुटीत सूत्र प्रचलित झाले आहे. नवी मुंबईत ते जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे, आणि त्याची कारणे चार आहेत.

पहिले कारण असे, की जाती जातीत फरक असतो. पिक्सिने कोकोएससारखी सहनशील जाती वाहनांच्या वर्दळीतही वाढते. उलट ती आपल्या देहात शिशासारखे धातू साठवीत असल्यामुळे प्रदूषणाच्या मापनासाठी तिचा भारतात उपयोग केला गेला आहे. तेव्हा दगडफूल आहे की नाही हा प्रश्न नसून कोणती दगडफुले आहेत हा प्रश्न आहे.

दुसरे कारण प्रदूषकांच्या बदलत्या स्वरूपाचे. हॉक्सवर्थ-रोझ श्रेणी गंधकासाठी, समशीतोष्ण प्रदेशासाठी व कोळशाच्या युगासाठी होती. भारतात एप्रिल २०२० पासून वाहनांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा दर दशलक्ष भागांत १० भागांवर आणण्यात आली. त्यापूर्वीच्या टप्प्यात ती ५० होती. आता नायट्रोजनची संयुगे व धूळ यांचा विचार अधिक करावा लागतो. नायट्रोजनयुक्त हवेत काही जाती नाहीशा होतात, तर काही उलट फोफावतात. ठाणे-बेलापूर मार्गावरील औद्योगिक पट्टा, महामार्ग, पारसिकच्या रांगेतील दगडखाणी, अखंड चाललेली बांधकामे व २०२५ साली उद्घाटन झालेला विमानतळ या सर्वांचा परिणाम एकाच दिशेचा असेल असे गृहीत धरता येणार नाही. सिमेंटची धूळ बसून सालीची आम्लता कमी झाली, तरी समुदाय पालटतो.

तिसरे कारण खास या शहराचे आहे. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली व त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाशी, नेरूळ, बेलापूर इत्यादी उपनगरे उभी राहिली. नियोजित वसाहतींतील बहुतेक झाडे त्यानंतर लावलेली, म्हणजे जास्तीत जास्त पन्नास-पंचावन्न वर्षांची आहेत. या योजनेत समाविष्ट झालेल्या सुमारे ९५ गावांच्या गावठाणांत मात्र त्याहून कितीतरी जुने आंबे व चिंचा असू शकतात. लेपरूप शैवाकाची वाढ वर्षास एक-दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून गावठाणातील आंब्यावर अधिक जाती आढळल्या, तर तो हवेचा गुण की वयाचा, हे तुलनेने वयस्क अशी दुसरी झाडे पाहिल्याखेरीज ठरविता येत नाही.

चौथे कारण अगदी साधे आहे. खोडाच्या खालच्या भागास चुना व गेरू फासण्याची पद्धत सर्वत्र आहे. अशा खोडावर दगडफुले न दिसणे याचा हवेशी काही संबंध नसतो.

नारळाचे खोड : एक कालमापक

वयाची ही अडचण सोडविण्याचे एक साधन आपल्या बागेतच उभे आहे, आणि त्याकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे असे सुचवावेसे वाटते. नारळ एकदलिकित वनस्पती असल्याने त्याचे खोड आंब्याप्रमाणे दरवर्षी जाड होत नाही व त्याची साल भेगाळून सुटत नाही. पृष्ठभाग एकदा उघडा पडला, की तसाच राहतो. प्रत्येक झावळी गळून पडताना खोडावर एक कड्यासारखा व्रण ठेवते. पूर्ण वाढलेला माड वर्षास सुमारे बारा झावळ्या टाकतो. अर्थात शेंड्याच्या सर्वांत खालच्या झावळीपासून साठावा व्रण सुमारे पाच वर्षांपूर्वी उघडा पडला असला पाहिजे. समजा, त्या जागी आढळलेल्या सर्वांत मोठ्या चकतीची त्रिज्या वीस मिलिमीटर आहे; तर तिची सरासरी वार्षिक वाढ निदान चार मिलिमीटर ठरते, कारण खोड उघडे पडण्यापूर्वी ती तेथे असणे शक्य नव्हते. शेंड्याकडून बुंध्याकडे उतरत जावे तसतसे अधिकाधिक जुने पृष्ठभाग क्रमाने समोर येतात, आणि कोणती जाती प्रथम येते, कोणती मागाहून येते, हे एकाच खोडावर पाहता येते.

या पद्धतीतही दक्षता हवी. लहान वयात माडास झावळ्या कमी येतात, म्हणून बुंध्याकडील व्रणांचे वय याच हिशेबाने काढता येणार नाही. उंचीप्रमाणे प्रकाश व ओघळणारे पाणी यांतही फरक पडतो. नारळ पाडण्यासाठी चढणाऱ्याच्या पायांनी घासली जाणारी बाजू व खाचा पाडलेला भाग मोजणीतून वगळावा लागेल. तथापि एकाच आवारातील चार-पाच माडांवर ही मोजणी करणे एका पावसाळ्याच्या अवधीत कोणाही विद्यार्थ्यास शक्य आहे, आणि सिडकोपूर्व गावठाणातील माड व नंतर लावलेला माड यांच्या समान वयाच्या पृष्ठभागांची तुलना केल्यास हवेविषयीचे अनुमान बरेच निर्दोष होईल.

अभ्यासाची साधने व परंपरा

आंब्यासारख्या झाडांसाठी युरोपात रूढ झालेली पद्धत उपयोगी पडेल. दहा सेंटीमीटर बाजूचे पाच चौरस एकावर एक असलेली जाळीची शिडी जमिनीपासून एक मीटर उंचीवर खोडाच्या चारही दिशांस लावून प्रत्येक चौरसात कोणत्या जाती आहेत हे टिपावयाचे असते. झाडाची जात, घेर, सालीचे स्वरूप, रस्त्यापासूनचे अंतर व सावली यांची नोंद सोबत हवी. दहापट मोठे दाखविणारे भिंग, कॉस्टिक पोटॅशचे दहा टक्के द्रावण व विरंजक चूर्णाचे द्रावण एवढी सामग्री प्राथमिक ओळखीस पुरते. रंगात होणारा पालट शैवाकद्रव्यांची जाती सुचवितो. लेपरूप शैवाकांची नेमकी ओळख मात्र फलांगाचा छेद घेऊन बीजुकांची रचना पाहिल्याखेरीज होत नाही. नमुना घ्यावयाचा तर बाहेरचा पातळ पापुद्रा धारदार चाकूने घ्यावा व जिवंत सालीस धक्का लावू नये. एका खोडावरील सर्वच समुदाय उचलून आणणे हे खरवडण्याहून फारसे वेगळे नव्हे.

या विषयात महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे १९४६ साली स्थापन झालेल्या व पुढे तिचे संस्थापक-संचालक शं. पु. आघारकर यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संस्थेत, डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखिजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील लेपरूप शैवाकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील आजरेकर वनस्पतिसंग्रहात हे नमुने जतन केलेले आहेत. लखनौचे धरणीधर अवस्थी यांनी १९९१ साली भारत, नेपाळ व श्रीलंका येथील सूक्ष्म शैवाकांची ओळखतालिका व २००७ साली मोठ्या शैवाकांचा सारसंग्रह प्रसिद्ध केला. ही साधने हाताशी असल्याने आजचा अभ्यासक निराधार नाही. मात्र या अभ्यासाचे लक्ष स्वाभाविकपणेच घाटांतील जंगलांकडे अधिक राहिले. शहरातील परसबाग हे क्षेत्र त्या मानाने मोकळे आहे.

हे क्षेत्र लहान आहे म्हणून त्याची उपेक्षा होऊ नये. जंगलातील वृक्षाचा इतिहास अंदाजाने सांगावा लागतो. बागेतील झाड केव्हा लावले, केव्हा छाटले, बुंध्याशी फरशी केव्हा घातली, हे घरातील वडीलधारी माणसे सांगू शकतात. शैवाकांच्या अभ्यासात इतकी निश्चित माहिती क्वचितच मिळते. त्यासाठी प्रथम एवढेच घडले पाहिजे, की यंदाच्या पावसाळ्यानंतर ती खोडे कोणी खरवडू नयेत. ज्या झाडाची पाने गळत असतील त्याच्या बुंध्याची फरशी उचलावी, भिरुडाची भोके तपासावी, आणि खोडावरील करड्या चकत्यांची कड पेन्सिलीने पारदर्शक कागदावर गिरवून त्यावर तारीख लिहून ठेवावी. पुढील वर्षी त्याच तारखेस तोच कागद पुन्हा खोडावर धरला, म्हणजे त्या चकतीच्या वर्षभरातील वाढीचे माप हाती येईल.